पुरवठादाराला मागणीचा अंदाज आधी द्या

नवीन आहात म्हणून कळकळीने सांगतो, पुरवठादाराशी नुसती दराची घासाघीस करू नका. त्याला पुढच्या मागणीचा अंदाज द्या, तो बदलला की लगेच कळवा. खरी विक्री दिसली नाही की तो तुमच्या ऑर्डरवरून तर्क बांधतो. मग ग्राहकाकडचा छोटा चढउतार पुरवठा साखळीत मागे जाताना फुगत जातो. कुठे माल पडून राहतो, कुठे तुटवडा. बिलं वेळेवर चुकती करा, हे आलंच. फेब्रुवारी १९९७मध्ये टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि टोयोटाचा ब्रेकच्या एका व्हॉल्व्हचा पुरवठा जवळजवळ थांबला. इतर पुरवठादारांनी तो भाग धावपळ करून बनवला. काही दिवसांत उत्पादन पुन्हा सुरू झालं. असा मदतीचा हात करारात लिहून मिळत नाही. आणि ग्राहकाचा माल उशिरा जाणार असेल, तर तारीख उलटण्याआधी फोन करा.