संगणक-सल्ला : ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

या वेळी सांगली जिल्ह्यातून आलेली बरीच पत्रं ग्राफिक्स कार्डाबद्दल आहेत. त्यांतले चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्यासाठी ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतला : चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबीची एकच रॅम, छोटं चपटं कॅबिनेट, २५५ वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). ऑटोकॅड, थोडं ब्लेंडर आणि सुट्टीत जीटीए ५ एवढं चालायला हवं. बजेट दहा हजार. दुकानदार जुनं आरएक्स ५८० स्वस्तात देतोय. घेऊ का? (तासगाव)

उत्तर : घेऊ नका. कार्ड वाईट नाही, पण ते तुमच्या मशीनचं नाही. आरएक्स ५८० एकटं १८५ वॉट ओढतं, तुमचा आय५ साधारण ८४. बेरीज २६९ झाली, आणि मदरबोर्ड, डिस्क, पंखे अजून धरलेलेच नाहीत. शिवाय त्याला एसएमपीएसमधून ८ पिनची वेगळी वायर लागते, ती तुमच्याकडे नसणार. ‘एसएमपीएसही बदलून देतो’ असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा : अशा ब्रँडेड मशीनमध्ये एसएमपीएसचा आकार आणि बहुतेक वेळा मदरबोर्डचा कनेक्टरही कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला साधा एटीएक्स (सर्वसाधारण मापाचा) एसएमपीएस आत मावत नाही. आरएक्स ५८० सुद्धा मावणार नाही.

म्हणून निवड उलट्या बाजूने करा. कॅबिनेट उघडा आणि मागच्या बाजूची, स्लॉटसमोरची (कार्ड खोचायच्या खाचेसमोरची) पत्र्याची पट्टी मोजा. ती सुमारे ८ सेंटिमीटर असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, कार्डच बसेल. पूर्ण उंचीच्या कार्डाला १२ सेंटिमीटर लागतात. मग लांब स्लॉटच्या शेजारी किती जागा आहे ते बघा. बऱ्याच चपट्या कॅबिनेटमध्ये हा स्लॉट एसएमपीएसला खेटून असतो, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या जाडीचं कार्ड बसतच नाही. लो-प्रोफाइल जीटीएक्स १६५० इथेच अडकतं.

तिसरी गोष्ट विजेची. पीसीआयई स्लॉट (कार्डाचा तोच लांब स्लॉट) नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, पण काही छोट्या मशीनमध्ये कंपनीने ही मर्यादा आणखी खाली ठेवलेली असते. मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअल शोधा, त्यात आकडा मिळतो. ५० वॉटपर्यंतचं कार्ड घेतलं तर बहुतेक ठिकाणी निभावतं.

या मापाच्या आसपास दोन नावं पुढे येतात. पहिलं आरएक्स ६४०० : ५३ वॉट, एका पट्टीत बसणारं मॉडेल मिळतं, दुकानदार हमखास सुचवतात. पण हे कार्ड स्लॉटच्या फक्त चार लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. पीसीआयई ४.० वर चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा जातो. तुमच्या बोर्डाचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) एच८१ असेल तर स्लॉट पीसीआयई २.० चा, म्हणजे फक्त २ जीबी. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की डेटा याच अरुंद वाटेने ये-जा करतो आणि गेम झटके देत चालतो. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम घालून ‘मेनबोर्ड’ टॅबमध्ये चिपसेट बघा. एच८१ दिसलं तर आरएक्स ६४०० चा विचार सोडा.

दुसरं नाव एनव्हिडियाच्या वर्कस्टेशन कार्डांचं : टी६०० (४० वॉट) आणि टी१००० (५० वॉट). दोन्ही लो-प्रोफाइल, एका पट्टीची, वेगळी वायर नको, आणि सोळाही लेन वापरणारी. त्यामुळे जुन्या स्लॉटवरही फारसं अडत नाही. टी१००० मध्ये जीटीएक्स १६५० इतकेच म्हणजे ८९६ कोअर आहेत. ऑटोकॅड-ब्लेंडरसाठी आमचं मत याच बाजूने आहे. जीटीए ५ ची मूळ शिफारस जीटीएक्स ६६० ची होती, तेवढं टी६०० सहज भागवतं. तुमच्या बजेटात ही कार्डं जुन्या बाजारातच बघावी लागतील. घेताना लहान पट्टी आणि मिनी डिस्प्लेपोर्टचा कन्व्हर्टर सोबत मागून घ्या. नाहीतर कार्ड हातात आणि मॉनिटर काळा.

जीटी ७१० आणि ७३० कडे बघूही नका. जीटी १०३० घ्यायची वेळ आलीच तर खोक्यावर जीडीडीआर५ लिहिलंय का तपासा. त्याच नावाचं डीडीआर४ मॉडेल बरंच हळू आहे.

जुनं कार्ड पैसे देण्याआधी चालवून बघा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा : जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवलेलं असेल तर बहुतेक वेळा नावापुढे ‘फेक’ असं येतं. जीटीएक्स १०५० टीआयच्या नावाने असा माल भरपूर फिरला आहे. पंखा बोटाने फिरवा. खरखर लागली किंवा पातं डुलत असलं तर बेअरिंग गेलेलं आहे. मग युनिजिन हेवन (कार्डावर भार टाकणारी चाचणी) वीस मिनिटं लावा. स्क्रीनवर ठिपके-चौकोन दिसले तर मेमरी खराब. तापमान ८५ अंशांच्या वर जाऊ लागलं तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे, तेवढी किंमत कमी करून मागा.

मात्र कार्डाआधी रॅम. एकच ८ जीबीची स्टिक असल्याने मेमरी सिंगल चॅनलवर, म्हणजे एकाच वाटेने, चालतेय. तशीच दुसरी डीडीआर३ स्टिक घाला, जुनी चालेल. एसएसडी नसेल तर ती त्याच्याही आधी. या प्रोसेसरला विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून दहा हजारांवर या मशीनवर घालू नका. कार्ड निदान पुढच्या मशीनला काढून लावता येईल.

बसवताना पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कार्ड सरळ दाबा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी ‘टक’ करते तोवर ते बसलेलं नसतं. स्क्रू घट्ट करा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लावा. हे शेवटचं विसरून ‘कार्ड खराब निघालं’ म्हणणारे खूप असतात.

प्रश्न : लग्नाचं शूटिंग करतो. आय५ १२४००एफ, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५०. नव्या कॅमेऱ्याचं ४के फुटेज प्रीमियर प्रोच्या टाइमलाइनवर अडकतं. आरटीएक्स ३०५० घेऊ का? (मिरज)

उत्तर : आधी कॅमेऱ्याच्या मेनूत ४:२:२ १०-बिट (रंगांची जास्त माहिती साठवणारा प्रकार) लिहिलंय का बघा. असेल तर ३०५० ने फरक पडणार नाही, कारण आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची एनव्हिडिया कार्डं ४:२:२ हार्डवेअरवर उलगडत नाहीत. सगळा भार प्रोसेसरवर येतो. एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) मधलं ४:२:२ इंटेलचं क्विक सिंक (प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधली व्हिडिओ उलगडण्याची सोय) उलगडतं, पण तुमच्या प्रोसेसरच्या नावातल्या ‘एफ’चा अर्थच आत ग्राफिक्स नाही. तो विकून साधा आय५ १२४०० घाला. सॉकेट तोच, फक्त नवी थर्मल पेस्ट लागेल. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवा (‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ अशा नावाने असतं), प्रीमियरच्या मीडिया प्रेफरन्समध्ये इंटेलच्या डिकोडिंगवर टिक करा. कॅमेरा एच.२६४ मध्ये ४:२:२ देत असेल तर क्विक सिंकही चालत नाही, रेकॉर्डिंग एच.२६५ वर न्या किंवा रात्री प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनायला लावून झोपा. उरलेल्या पैशांत रॅम ३२ करा.

प्रश्न : आय५ १२४०० ला आरएक्स ६६०० लावलं. गेम सुरू झाला की दहा मिनिटांत मशीन धाडकन बंद. एसएमपीएस ४५० वॉटचा आहे, कार्डाला वायर कन्व्हर्टरने दिली आहे. यूपीएस ६०० व्हीए. (पलूस)

उत्तर : एसएमपीएसच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा. स्वस्त ‘४५० वॉट’वर तिथे १८ सापडतात : १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. कार्ड १३२ आणि प्रोसेसर पूर्ण भारावर ११७ पर्यंत जातो, म्हणजे २४९. मशीन बंद पडणं हे त्यामानाने नशीबच. मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या पद्धतीच्या ४ पिनच्या वायरवरून) ८ पिन काढणारा तो कन्व्हर्टर वितळूही शकतो. आज काढून टाका आणि नवा एसएमपीएस येईपर्यंत मॉनिटर मदरबोर्डला लावून काम करा.

८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा शिक्का), ५०० ते ५५० वॉट, ८ पिनची स्वतःची वायर असलेला एसएमपीएस घ्या. तो बसवल्यावरही बंद पडलं तर यूपीएस वगळून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून बघा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचाच असतो, त्यात मॉनिटरही लावलेला असतो, आणि बॅटरी जुनी झाली की तेवढंही पेलत नाही. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेजही तपासून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग दुरुस्त करा.

प्रश्न : मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे. नवं कार्ड चालेल का? (ईश्वरपूर, पूर्वीचं इस्लामपूर)

उत्तर : चालेल. एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, आत चिप असलेला. दोन्ही टोकांना नुसते पिन असलेली केबल मिळते, ती या कामाला चालत नाही, कारण नव्या कार्डांतून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही.