हीट पाइपच्या चाचण्या म्हणजे नुसती रीडिंग घेणं का?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. उपग्रह थंड ठेवणाऱ्या हीट पाइपच्या चाचण्यांचा प्रोजेक्ट तिला मिळालाय. मैत्रिणी डिझाइन शिकणार आणि ही रीडिंग घेत बसणार, अशी मला काळजी वाटते. प्रोजेक्ट बदलून घ्यावा का?

उत्तर : ताई, अजिबात बदलू देऊ नका. थर्मल क्षेत्रात यायचं असेल तर याहून चांगली सुरुवात मला तरी सुचत नाही.

अवकाशात हवा नाही, म्हणजे पंख्याचा उपयोग नाही. उपकरणांची उष्णता रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथून प्रारणानं, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर टाकायची. ती नेण्याचं काम हीट पाइप करतो. ॲल्युमिनियमची बंद नळी, आत अमोनिया. गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला पुन्हा द्रव होतो आणि आतल्या बारीक खाचांमधून केशाकर्षणानं, म्हणजे टीपकागद शाई ओढतो तसा, तो परत येतो. पंप लागत नाही.

केशाकर्षणाचा जोर मात्र फार कमी. जमिनीवर गरम टोक जरासं खाली राहिलं, तर द्रव गुरुत्वाकर्षणानंच उतरतो आणि कच्ची नळीही उत्तम वाटते. म्हणून नळी काटेकोर समतल ठेवतात, किंवा गरम टोक मुद्दाम काही मिलिमीटर उचलतात, आणि गरम टोकाला दिली जाणारी उष्णता (वॅटमध्ये) टप्प्याटप्प्यानं वाढवतात. एका टप्प्यावर गरम टोकाचं तापमान स्थिरावतच नाही, चढत जातं. खाचा कोरड्या पडल्या, ही त्या नळीची मर्यादा. कधी गार टोकाचा शेवटचा थर्मोकपल (तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) एकटाच कमी तापमान दाखवतो. तिथे गार होऊनही द्रव न होणारा वायू साठलेला असू शकतो. आत ओलावा राहिला तर ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो. एका आकड्यावरून नळीच्या सफाईपर्यंत पोहोचायचं, याला नुसती रीडिंग कसं म्हणायचं? डिझाइन करणाऱ्यालाही शेवटी याच आकड्यांवर विसंबावं लागतं.

मात्र थर्मोकपल लावणं, इन्सुलेशनमधून वाया जाणारी उष्णता मोजणं ही कामं तिला स्वतः करायला मिळतील का, हे गाइडना आधीच विचारू द्या. सुरक्षेचंही विचारा : अमोनिया विषारी आहे आणि ६० अंशांना त्याचा दाब सुमारे २६ बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास २६ पट होतो. भरलेली नळी तिनं एकटीनं हाताळू नये.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या, डेटा सेंटर, सगळीकडे हेच कौशल्य लागतं, तेव्हा नोकरी फक्त अवकाश क्षेत्रातच शोधावी लागेल असं नाही. प्रत्येक चाचणीआधी अपेक्षित तापमान वहीत लिहायला सांगा, शेजारी प्रत्यक्ष आलेलं आणि फरकाचं कारण. मुलाखतीला ती वही सोबत असू द्या.