डेटाबेस आपोआप चालायला लागला, मग माझं काय?

दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत तो खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाला, "मॅडम, माझं वय ३६. ११ वर्षं ऑफिसचा ओरॅकल डेटाबेस सांभाळतोय. आता डेटाबेस स्वतःच स्वतःला सांभाळतात म्हणे. मग माझं काय?" बडोद्यातले कितीतरी आयटीवाले हल्ली हेच विचारायला येतात. म्हणून त्याच्या परवानगीनं, ओळख पटणार नाही अशा बेतानं लिहितेय.

भीती निराधार नव्हती. ॲमेझॉननं २००९ मध्ये आरडीएस ही क्लाऊडवरची डेटाबेस सेवा आणली, तेव्हापासून बॅकअप, पॅचिंग (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या बसवणं) ही कामं भाड्यानं करून मिळतात. २०१७ मध्ये ओरॅकलनं 'ऑटोनॉमस', म्हणजे स्वतःच स्वतःला सांभाळणारा, डेटाबेस जाहीर केला. मित्रांनी त्याला डेटा सायन्स सुचवलं होतं, कुणी क्लाऊडचं सर्टिफिकेट, कुणी मॅनेजरकी. तो कोर्सची फी भरायलाच निघाला होता. मी म्हटलं, पैसे नंतर भर. आधी पंधरा दिवस एक वही लिही: काय केलंस, आणि त्यात डोकं लागलं का.

वहीत बहुतेक ओळी अशा होत्या: "टेबलस्पेस (डेटा ठेवायची जागा) भरली, डेटाफाइल वाढवली. डोकं नाही." एका पानावर मात्र अक्षर घाईचं होतं. महिनाअखेरचा रिपोर्ट ४० मिनिटं घ्यायचा. स्टोरेज जुनं झालंय, असं साहेबांचं ठरलं होतं, नव्या वेगवान डिस्कचं, एसएसडीचं, कोटेशनही आलं होतं. यानं एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस माहिती कुठल्या वाटेनं शोधतो त्याचा आराखडा, उघडला. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधसूची) होता, पण क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, त्याच कॉलमला फंक्शन लावलेलं, त्यामुळे इंडेक्स बाजूला पडून अख्खं टेबल वाचलं जात होतं. यानं अट बदलून 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी लिहिली. रिपोर्ट मिनिटाच्या आत. "डिस्क घेतली असती तर थोडे दिवस बरं वाटलं असतं. डेटा वाढला की पुन्हा तेच." हे तो माझ्या डायरीच्या मागच्या पानावर आकृती काढून सांगत होता. चहावर साय धरली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"हे ऑफिसात कुणाला सांगितलंस?"

"नाही. रिपोर्ट लवकर आला, एवढंच त्यांना कळलं."

मला तिथं खरं दुखणं सापडलं. डीबीएनं, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यानं, चांगलं काम केलं की काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल कुणी पाठ थोपटत नाही. दुसऱ्या भेटीला बायको सोबत आली. ती म्हणाली, "फोन उशीखाली असतो. वाजला नाही तरी दोनला उठून बघतात." इतक्या अपुऱ्या झोपेवर माणसानं करिअरचा निर्णय घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. रात्रीचे कॉल आळीपाळीनं घ्यायचे, एवढी एकच गोष्ट साहेबांकडे मागायला त्याला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत आम्ही दुसरं काही ठरवलं नाही.

मग वाट शोधणं सोपं गेलं. 'डोकं नाही'वाल्या ओळी यंत्रानं नेल्या तर नेऊ देत. क्वेरी कुठं अडतेय, कोणता डेटा कुणाला दिसावा, घेतलेला बॅकअप खरोखर परत उभा राहतो का, हे बघायला माणूस लागतोच. बॅकअप उभा राहतो की नाही हे तर तो रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून, पाहिल्याशिवाय कळत नाही. क्लाऊडवर वाईट क्वेरीचे पैसे दर महिन्याच्या बिलात दिसतात, म्हणजे याच्या हाताची किंमत उलट तिथं जास्त. आकडेशास्त्राचा त्याला मनापासून कंटाळा, म्हणून डेटा सायन्स सुटलं. त्यानं पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस निवडला: फुकट मिळतो, आणि पाया ओरॅकलचाच, संगणकशास्त्रज्ञ कॉडनं १९७० मध्ये मांडलेला रिलेशनल, म्हणजे तक्त्यांत डेटा मांडायचा.

गेल्या महिन्यात येऊन गेला. पगार अजून तेवढाच आहे. पण ऑफिसचा एक डेटाबेस पोस्टग्रेसवर न्यायचं काम त्याच्याकडे आलंय. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) म्हणजे नल, म्हणजे 'माहितीच नाही', असं समजतं, पोस्टग्रेस तसं समजत नाही. त्यापायी कुठकुठले हिशेब चुकू शकतात, ते त्यानं वहीत दोन पानं भरून लिहिलंय. फोन आता हॉलमध्ये चार्जिंगला असतो.