बांधावरचं भांडण, रजेवरचे हवालदार आणि पोलिसांचा फोन

प्रश्न: माझे मिस्टर सैन्यात हवालदार आहेत. रजेवर सातारा जिल्ह्यात गावी आले असताना बांध कोरण्यावरून चुलत दिरांशी भांडण झालं. झटापटीत थोरल्या दिरांचा हात मोडला आणि त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. काल ठाण्यातून फोन आला, ‘उद्या हजर राहा, अटक होऊ शकते.’ मिस्टर म्हणतात, ‘केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय फौजीला हात लावता येत नाही. मी आजच युनिटला निघतो, पुढचं सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेब बघतील.’ रजा आठवड्याभरात संपतेय. काय करावं?

उत्तर: ताई, पोलीस अटक करू शकतात. अशा भांडणात परवानगी लागत नाही, ना केंद्राची, ना युनिटची. आणि आज रात्रीची गाडी पकडून निघून जाणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

परवानगीची गोष्ट अगदीच हवेतली नाही, म्हणून तर ती गावोगावी ऐकू येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 42 नुसार (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 45 होतं) सशस्त्र दलातल्या माणसाला त्याने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी केंद्राच्या संमतीशिवाय अटक करता येत नाही. कलम 218 प्रमाणे अशा कृत्याची न्यायालयाला केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय दखलही घेता येत नाही. काश्मीरमधल्या 2000 सालच्या पथरीबल चकमकीचं प्रकरण (जवानांनी नागरिकांना मारल्याचा आरोप होता) सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं ते अशाच मंजुरीच्या मुद्द्यावरून. 2012 मध्ये त्याचा निकाल लागला. पण ते ऑपरेशन होतं. तुमच्या घरचा बांध सरकारी ड्युटीत बसत नाही. संरक्षण आहे ते कर्तव्याला, नोकरीला नाही.

दुसरा गैरसमज 1950 च्या सैन्य कायद्याच्या कलम 28 मधून येतो. सेवेतल्या माणसाला कर्जापायी दिवाणी किंवा महसुली न्यायालयाच्या हुकमावरून अटक करता येत नाही, एवढंच ते कलम सांगतं. ‘कर्जापायी’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळतो आणि ‘फौजीला अटकच नाही’ एवढं उरतं.

आता मुद्द्याचं. पोलिसांनी कलम कोणतं लावलंय? पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे, म्हणून आधी एफआयआरची प्रत मिळवा. बहुतेक एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर सापडतात. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती ‘गंभीर दुखापत’. नुसत्या ढकलाढकलीत मोडलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 117(2) लागतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत, पण गुन्हा जामीनपात्र. म्हणजे जामीनदार उभा केला की ठाण्यातच जामीन मिळतो, आणि तो हक्काचा असतो, मेहेरबानीचा नाही. पण फिर्यादीत ‘खोऱ्याच्या दांड्याने मारलं’ असं एक वाक्य असेल, तर पोलीस त्या दांड्याला घातक हत्यार ठरवून 118(2) लावू शकतात. ते अजामीनपात्र आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बांधाच्या भांडणात हे वाक्य हमखास येतं, खरं असो वा नसो. म्हणून फिर्याद आणि वैद्यकीय दाखला शेजारी ठेवून वाचा: जखमेचं वर्णन दांड्याशी जुळतंय का, की पडून हात मुरगळल्यासारखं आहे?

117(2) असेल तर उद्या वकिलाला बरोबर घेऊन ठाण्यात जा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच बजावलं आहे. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची, लेखी नोटीस द्यायची असते. नुसत्या फोनवर थांबू नका, ती नोटीस मागून घ्या. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहून ठेवावी लागतात. अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. याच संहितेत बेड्या घालायच्या गुन्ह्यांची यादी दिली आहे, त्यात हाणामारी नाही.

118(2) असेल तर ठाण्यात जाण्याआधी सातारच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका आणि अंतरिम संरक्षण मागा. तिथे आपला सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता? माणूस सरकारी सेवेत आहे, पत्ता पक्का आहे, पळून जाणार नाही. हवालदारसाहेब आज युनिटला निघून गेले की हाच मुद्दा उद्या सरकारी वकील आपल्यावर उलटवतील.

शिवाय युनिट काही लपायची जागा नाही. पोलीस कमांडिंग ऑफिसरला पत्र लिहून माणूस मागतात, न्यायालयाचं समन्सही तिकडेच जातं. मग साहेबांना ही बातमी पोलिसांच्या पत्रातून कळते. त्यापेक्षा मिस्टरांनी आजच युनिटला फोन करावा, पाठोपाठ एफआयआरच्या प्रतीसह लेखी कळवावं आणि न्यायालयाची तारीख रजेनंतर येत असेल तर रजा वाढवून मागावी. मंजुरी येण्याआधी रजा वाढली असं धरून चालू नका. सबळ कारणाशिवाय रजेपेक्षा जास्त दिवस राहणं हा सैन्य कायद्याच्या कलम 39 खाली वेगळा गुन्हा आहे. एकातून सुटताना दुसऱ्यात अडकायला नको.

सीओ साहेबांचा खरा संबंध पुढे येतो, दोषारोपपत्र दाखल झाल्यावर. हा गुन्हा साधं फौजदारी न्यायालयही चालवू शकतं आणि कोर्ट मार्शल, म्हणजे सैन्याचं स्वतःचं न्यायालयही. अशा वेळी, खटला या दोन्हींपैकी कुठे चालवायचा हे ठरवणाऱ्या 1978 च्या नियमांप्रमाणे, सैन्याकडून खटल्याची मागणी आलेली नसेल, तर दंडाधिकारी लष्करी अधिकाऱ्यांना लेखी कळवतात आणि पंधरा दिवस थांबतात. तेवढ्यात सैन्याने ‘आम्ही चालवतो’ असं कळवलं तर खटला तिकडे जातो. ही निवड सैन्य कायद्याच्या कलम 125 प्रमाणे लष्करी अधिकाऱ्यांची आहे, आरोपीची नाही. सिक्कीममधल्या एका खून खटल्यात सैन्याने स्वतःच कोर्ट मार्शलचा पर्याय घेतला नाही, तेव्हा तो सत्र न्यायालयातच चालेल असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. तिथे मारेकरी आणि मेलेला, दोघंही सैन्यातलेच होते. एक मात्र ध्यानात असू द्या, ‘आपल्या लोकांकडे’ खटला गेला म्हणजे सौम्य होतो असं नाही. कोर्ट मार्शल बडतर्फ करू शकतं, आणि बडतर्फी झाली की पेन्शनवर पाणी सोडायची वेळ येते.

तुमच्या बाजूलाही मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात आजच तपासून घ्या आणि उलट तक्रार द्या. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवा.

117(2) मध्ये जखमीची तयारी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होते. 118(2) मध्ये ती वाट नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून वाढीव कलम लागण्याआधीच भावकीतलं कुणी समंजस माणूस मध्ये घातलेलं बरं, आणि भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्जही टाका. मात्र बोलणी मिस्टरांनी स्वतः करायला जाऊ नये. फिर्यादीवर दबाव आणला म्हणून जामीन धोक्यात येतो.

उद्या ठाण्यात जाताना रजेच्या दाखल्याची झेरॉक्स आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. सैन्याचं ओळखपत्र दाखवायला हरकत नाही, पण ते जमा करू नका. आणि गणवेश घालून जाऊ नका. वजन पडेल म्हणून काही जण जातात, तपास अधिकाऱ्याला मात्र तो दबाव वाटतो.