हिजरी सन हिजरतीपासूनच का मोजतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पैगंबरांचा जन्म साधारण ५७० चा, हिरा गुहेतला पहिला संदेश ६१० चा, मग हिजरी सन ६२२ पासून, म्हणजे ते मक्का सोडून मदिनेला गेले त्या हिजरतीपासून का? 'पळून जाण्याच्या' घटनेवरून कुणी कालगणना सुरू करतं का?

'पळून जाणं' हा शब्द आपण शाळेतून उचललाय आणि तिथेच घोळ होतो. हिजरत म्हणजे संबंध तोडून बाहेर पडणं. काय तोडलं, ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

तेव्हाच्या मक्केत ना कोतवाल, ना कोर्ट. माणसाच्या जिवाला आधार त्याच्या कुळाचा. एकाला मारलं तर सगळं कूळ बदल्याला उठेल, हा धाक हाच कायदा. मुहम्मद पैगंबर कुरैश जमातीतल्या बनू हाशिम कुळातले. वडील जन्माआधीच गेले, आई सहाव्या वर्षी. आधी आजोबांनी आणि मग चुलते अबू तालिब यांनी सांभाळलं. अबू तालिब यांनी इस्लाम स्वीकारला की नाही यावर सुन्नी-शियांचा वाद आहे. पुतण्याच्या डोक्यावरचा हात त्यांनी काढला नाही, यावर मात्र नाही. कुरैशांनी बनू हाशिमशी सोयरीक आणि व्यापार बंद केला, तेव्हाही तो काढला नाही.

६१९ मध्ये पत्नी खदीजा आणि अबू तालिब दोघंही गेले. कुळाची सूत्रं अबू लहब या दुसऱ्या चुलत्याकडे आली आणि तो तर कट्टर विरोधक. पैगंबर आसऱ्यासाठी ताइफला गेले, तिथे दगड खाल्ले. परत येताना मक्केत पाऊल टाकायला मुत्इम इब्न अदी या दुसऱ्या कुळाच्या माणसाचं अभय घ्यावं लागलं. स्वतःच्याच गावात!

यस्रिबचं, म्हणजे पुढच्या मदिनेचं, दुखणं वेगळं होतं. औस आणि खजरज या जमाती आपसात लढून थकल्या होत्या. कुणाच्याच बाजूचा नसलेला मध्यस्थ त्यांना हवा होता. ६२२ मध्ये मक्केजवळच्या अकबा इथे झालेल्या करारात तिथल्या लोकांनी शब्द दिला: आमच्या बायकापोरांना जपतो तसं तुम्हाला जपू. रक्ताचं नातं नसलेल्यांनी दिलेलं हे वचन. माझ्या मते खरी नवलाई इथे आहे. धर्म आधीच आला होता. कुळावर न उभारलेला समाज इथून सुरू झाला.

मक्केतली शेवटची रात्र परंपरेत फार बारकाईने सांगितली जाते. प्रत्येक कुळातला एकेक तरुण घेऊन सगळ्यांनी एकदम वार करायचे, म्हणजे खून सगळ्यांत वाटला जाईल आणि बनू हाशिम कुणाकुणाशी लढणार, असा बेत होता. पैगंबरांचे चुलतभाऊ हजरत अली त्यांची चादर पांघरून त्यांच्या बिछान्यात झोपले. नंतरही ते थोडे दिवस मक्केत थांबले, कारण पैगंबरांकडे लोकांनी ठेवलेल्या अमानती परत करायच्या होत्या. यस्रिब उत्तरेला, पण पैगंबर आणि त्यांचे सोबती अबू बक्र आधी दक्षिणेकडच्या 'सौर' नावाच्या गुहेत तीन रात्री राहिले. शिदोरी बांधायला दोरी नव्हती, म्हणून अबू बक्र यांच्या मुलीने, अस्माने, कंबरेचा पट्टा फाडून दोन केले. वाटाड्या अब्दुल्ला इब्न उरैकित तर मुसलमानही नव्हता.

सन ठरवला तो पुढे, दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या खिलाफतीत, हिजरतीनंतर सोळा-सतरा वर्षांनी. कागदावर नुसतं महिन्याचं नाव, 'शाबान', लिहिलेलं असायचं. कोणत्या वर्षाचा शाबान, कळेना. जन्म, पहिला संदेश, निधन असे पर्याय निघाले आणि हिजरत ठरली. मात्र १ मुहर्रम हा हिजरतीचा दिवस नव्हे. पैगंबर पोहोचले रबीउल अव्वल या तिसऱ्या महिन्यात. वर्षारंभ मात्र अरबांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मुहर्रमचाच ठेवला.

जाता जाता: मोडी कागदांत वर्षासाठी 'खमस' (पाच), 'सलास' (तीन) असे अरबी आकडे वाचून अडणाऱ्यांसाठी. तो शुहूर सन, हिजरीतूनच निघालेला, पण सौर आणि मृगापासून सुरू होणारा. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, इसवी सन मिळेल. हिजरीला हा हिशोब लावू नका, चांद्र वर्ष दरसाल सुमारे ११ दिवसांनी मागे सरकतं.