वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपवर फ्रीबीएसडी आणि रुसलेला पडदा

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.)

प्रश्न : एएमडी रायझन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी १४.३ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. डीआरएम-केमॉड हे ग्राफिक्स ड्रायव्हरचं पॅकेज बसवून आरसी.कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये केएलडी_लिस्टपुढे (सुरू होताना चढवायच्या मॉड्यूलांची यादी) एएमडीजीपीयू हे ड्रायव्हरचं नाव लिहिलं. आता सुरू करताना दहा-बारा ओळी दिसतात आणि पडदा काळा होतो. सगळं पुसून पुन्हा टाकू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुन्हा टाकायची काही गरज नाही. सुरुवातीच्या मेनूत २ दाबून सिंगल यूजरमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या किमान अवस्थेत जा. तिथे आरसी.कॉन्फ वाचलीच जात नाही, त्यामुळे ड्रायव्हर चढत नाही आणि पडदा शाबूत राहतो. डिस्कवर लिहिता यावं म्हणून 'माउंट -यू /' करा, मग 'सिसआरसी -एक्स केएलडी_लिस्ट' देऊन ती ओळ काढून टाका आणि रीबूट करा.

आता कारण. बहुतेक वेळा फर्मवेअर, म्हणजे ग्राफिक्स चिपला लागणारी तिची स्वतःची सॉफ्टवेअर फाइल, नसतं. ड्रायव्हर आधी यूईएफआयकडून (मशीन सुरू करणारी मदरबोर्डवरची प्रणाली) पडद्याचा ताबा घेतो, मग फर्मवेअर शोधतो. ते सापडलं नाही की तुमच्या हाती उरतो काळा पडदा. रूट (सर्वाधिकारी यूजर) होऊन नुसतं 'एफडब्ल्यूगेट' चालवा. आतला चिप ओळखून हवी ती पॅकेजेस तोच उतरवतो.

त्यानंतरही आरसी.कॉन्फला घाईने हात लावू नका. एसएसएचडी (दुसऱ्या यंत्रावरून लॉगइन करू देणारी सेवा) चालू करा, घरच्या वायफायवरून मोबाइलमधल्या एसएसएच अ‍ॅपने लॅपटॉपवर शिरा, डिस्कवर लिहायचं राहिलेलं उतरवायला 'सिंक' द्या आणि तिथूनच 'केएलडीलोड एएमडीजीपीयू' करा. अक्षरं एकदम बारीक, रेखीव झाली की काम फत्ते. पडदा गेलाच, तरी मोबाइलवर 'डीमेसेज' देऊन सिस्टिमचे संदेश वाचता येतात आणि कोणती फाइल सापडली नाही ते नावानिशी कळतं. मशीनच गोठलं, तर पॉवर बटण दाबून धरा. कुठेच काही लिहून ठेवलेलं नसल्यामुळे पुढच्या वेळी ते सरळ सुरू होईल. हाताने चढवलेला ड्रायव्हर नीट चालला, तरच केएलडी_लिस्टमध्ये लिहा. लोडर.कॉन्फमध्ये (अगदी सुरुवातीला वाचली जाणारी फाइल) मात्र कधीच नाही, जुन्या लेखांत काहीही सांगितलेलं असो.

पुढचं सोपं. 'पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ -एम' आणि पुढे तुमचं यूजरनाव देऊन स्वतःला व्हिडिओ गटात घाला, लॉगआउट करून परत या. हे राहिलं तर डेस्कटॉप दिसतो, पण चित्र काढायचं काम सीपीयूवर पडतं. पंखा घुरघुरतो आणि व्हिडिओ अडखळतो. 'जीएलएक्सइन्फो'मध्ये रेंडररपुढे एलएलव्हीएमपाइप (सीपीयूवर चित्र काढणारा रेंडरर) दिसलं, तर हीच चूक पकडायची. मग एक्सऑर्ग (खिडक्या दाखवणारी यंत्रणा) आणि एक्सएफसीई (डेस्कटॉप) बसवा, प्रोग्रामना आपसात बोलू देणारी डीबस सेवा चालू करा आणि तुमच्या होम फोल्डरमधल्या .एक्सइनिटआरसीमध्ये 'एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४' ही एकच ओळ लिहा. एक्सऑर्ग.कॉन्फ बनवू नका. कुठून तरी उचललेली असेल तर काढा.

प्रश्न : इंटेलचा लॅपटॉप १४.१ वर छान चालत होता. १४.३ वर नेल्यावर आय९१५केएमएस हा इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर चढतच नाही.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : ग्राफिक्सचं मॉड्यूल ज्या कर्नेलसाठी (सिस्टिमचा गाभा) बांधलेलं असतं, त्याच्याशीच त्याचं जमतं. तुमचं कर्नेल पुढे गेलं, मॉड्यूल मागेच राहिलं. १४.२ पासून यासाठी फ्रीबीएसडी-केमॉड्स ही वेगळी रिपॉझिटरी (पॅकेजेसचं भांडार) आहे. 'पीकेजी -व्हीव्ही'मध्ये ती दिसते का पाहा. अपग्रेड करताना पीकेजीची (पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम) जुनी कॉन्फ फाइल तशीच ठेवली असेल, तर ती दिसणार नाही. मग नव्या आवृत्तीची फाइल घ्या. नंतर 'पीकेजी इन्स्टॉल -एफ -आर फ्रीबीएसडी-केमॉड्स डीआरएम-६१-केमॉड'. यातला -एफ विसरलात, तर पॅकेज आधीच बसलंय असं सांगून पीकेजी हात झटकेल.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टरवर चित्र जात नाही. तपकीर गल्लीतून नवी एचडीएमआय केबलही आणली.
— एक विद्यार्थिनी, शिवाजीनगर

उत्तर : केबलचा दोष असेलच असं नाही. आधी नुसतं 'एक्सआरअँडआर' चालवा आणि कोणत्या नावापुढे कनेक्टेड आलंय ते बघा. एचडीएमआय-१ की एचडीएमआय-ए-० हे ड्रायव्हरवर ठरतं. ते नाव घेऊन 'एक्सआरअँडआर --आउटपुट एचडीएमआय-१ --मोड १०२४x७६८ --सेम-अ‍ॅज ईडीपी-१' द्या. यातलं ईडीपी-१ म्हणजे लॅपटॉपचा पडदा, त्याचंही नाव यादीत बघून घ्या. जुना प्रोजेक्टर असेल तर लॅपटॉपचा पडदाही त्याच मोडवर आणा, नाहीतर स्लाइडच्या कडा कापल्या जातात. यादीत एकच नाव दिसत असेल, न जोडलेलं दुसरं नावही नसेल, तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर चढलेलाच नाही. वरचं पहिलं उत्तर वाचा. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर 'कॅट /डेव्ह/एसएनडीस्टॅट'मध्ये एचडीएमआयचा क्रमांक बघून तो 'सिसकंट्रोल एचडब्ल्यू.एसएनडी.डिफॉल्ट_युनिट'ला द्या आणि व्हिडिओ बंद करून परत लावा.