एमआरआयमध्ये विशेष काही नाही, तरी दोन वर्षं कंबर दुखते. डॉक्टर म्हणतात मज्जासंस्था संवेदनशील झालीय. म्हणजे हे दुखणं मनाचं आहे का?

नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, काही तर मान खाली घालून. तुमचं दुखणं खरं आहे. फक्त ते टिकून राहण्यात आता मणक्यापेक्षा मज्जासंस्थेचा हात मोठा आहे.

कमरेतल्या नसा वर फक्त संदेश पाठवतात. त्यातून किती दुखायचं हे मज्जारज्जू आणि मेंदूत ठरतं. हे संदेश मज्जारज्जूतच अडवले किंवा पुढे सोडले जातात, असं मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ साली मांडलं होतं. मेंदूही वरून ते दाबू शकतो, त्यासाठी शरीराकडे स्वतःची मॉर्फिनसारखी रसायनं असतात. दुखणं महिनोन्‌महिने चाललं की मज्जारज्जूतल्या पेशी जरा जास्तच चेकाळतात आणि साधं वाकणंही झोंबतं. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसंच. अपुरी झोप आणि काळजी त्यात भर घालतात. ‘गादी सरकलीय, जपा’ हे वाक्यसुद्धा. (गादीची झीज तर काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या स्कॅनमध्ये दिसते!)

आता आराम कसा पडतो ते. व्यायामानं कंबर मजबूत होते म्हणून दुखणं थांबतं, असं सगळे समजतात. पण अभ्यासांत दुखणं कमी होणं आणि ताकद वाढणं यांचा मेळ फारसा बसत नाही. माझ्या मते खरं काम वेगळंच होतं: वाकलो, उचललं, काही बिघडलं नाही, हे मज्जासंस्थेला पुन्हापुन्हा कळतं. म्हणून ज्या हालचालीची भीती वाटते तीच थोडी थोडी करा. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी फार वाढलं तर प्रमाण कमी करा.

२०२१ च्या एका चाचणीत १५१ जण होते. दुखण्याकडे धोका म्हणून न बघण्याचं प्रशिक्षण ज्यांना चार आठवडे मिळालं, त्यांच्यापैकी ६६ टक्क्यांचं दुखणं गेलं किंवा जवळजवळ गेलं. सलाइनचं, म्हणजे औषध नसलेलं, इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. चाचणीतल्या लोकांचं दुखणं मुळात सौम्य ते मध्यम होतं, त्यामुळे याला रामबाण समजू नका.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरता आली किंवा पायातली शक्ती कमी होत असेल, तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून लगेच हॉस्पिटल गाठा. ताप असेल किंवा विनाकारण वजन घटत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.